रंगूनचं बिऱ्हाड



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आम्हाला नववीला इतिहास शिकवायच्या. पानिपतच्या धड्याला त्यांनी फळ्यावर तोफांची संख्या लिहिली नाही. खडू ठेवला, वळल्या आणि विचारलं, ‘‘एवढ्या माणसांचं दळण कुणी दळलं?’’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. आजचा विषय ठरवताना मला तो दळणाचाच प्रश्न आठवला.

मी आज एका नवरा-बायकोबद्दल बोलणार आहे. अमेरिकेतून ब्रह्मदेशात जाऊन ख्रिस्ती मिशन उभं केलेलं जोडपं, अदोनिराम आणि अ‍ॅन जडसन. आपल्याकडे ब्रह्मदेश म्हटला की मंडाले, आणि मंडाले म्हटलं की लोकमान्य आणि पेन्सिलीनं लिहिलेलं ‘गीतारहस्य’. रत्नागिरीकडची मंडळी इथं असतील तर त्यांना थिबा राजा आठवेल. ही हकीकत टिळकांच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधीची. योगायोग असा की हिच्यातही एक तुरुंग आहे, एक हस्तलिखित आहे, आणि जागा मंडालेच्या शेजारचीच, आवा. तुरुंगाची गोष्ट लोकांना ठाऊक असते, चरित्रकार तिच्यावर तुटून पडतात. मला मात्र त्याआधीची अकरा वर्षं जास्त बोलतात, म्हणून तुरुंगापाशी पोचायला मी वेळ लावणार आहे. कंटाळा आला तर सांगा.

6 फेब्रुवारी 1812. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव, तिथलं टॅबर्नॅकल चर्च. पाच तरुणांना परदेशी मिशनसाठी दीक्षा दिली गेली: जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राइस. यांतली दोन नावं मुंबईच्या इतिहासात येतात. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 11 फेब्रुवारी 1813 ला मुंबईत उतरले, नॉटची बायको रोक्साना बरोबर होती. पुढं मुंबईत, अहमदनगरात ज्यांच्या शाळा आणि छापखाने निघाले त्या अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. म्हणजे रंगूनचं बिऱ्हाड आणि मुंबईचं बिऱ्हाड एकाच दिवसाच्या दीक्षेतून निघालेलं आहे.

दीक्षा पाचांना मिळाली. अ‍ॅनचं लग्न आदल्याच दिवशी ब्रॅडफर्डला झालं होतं आणि तेरा-चौदा दिवसांत ती जहाजावर होती. तिला कुणी दीक्षा दिली नाही. देण्याची रीतच नव्हती. ती ‘मिशनऱ्याची बायको’. या दोन शब्दांत कामाचं वर्णन कुठंच नाही, आणि काम किती होतं ते आता पाहू.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. जहाजावर पुस्तकं वाचता वाचता दोघांचं मत बदललं. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा की जाणत्या माणसाला, या प्रश्नावर ते बॅप्टिस्टांच्या बाजूला गेले, आणि कलकत्त्याला पोचल्यावर ज्या मंडळानं पाठवलं त्याचाच आधार सुटला. कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते, त्यांनी हद्दपारीचा हुकूम काढला. मग मॉरिशस. तिथं अ‍ॅनची मैत्रीण हॅरिएट न्यूएल एकोणिसाव्या वर्षी वारली. तिचं मूल त्याआधीच समुद्रात जन्मून गेलं होतं. मग मद्रास. तिथंही राहू देईनात, आणि बंदरात निघायच्या तयारीत असलेलं जहाज रंगूनचं होतं. ब्रह्मदेशाची निवड म्हणजे एवढीच. त्या मोडक्या जहाजावर अ‍ॅन बाळंत झाली, मूल मेलेलं जन्मलं. 13 जुलै 1813 ला जहाज रंगूनला लागलं, तेव्हा तिला चालवत नव्हतं. खुर्चीत बसवून माणसांनी उचलून किनाऱ्यावर नेली. रंगूनच्या बायका जमल्या आणि वाकून वाकून तिच्या टोपीखाली पाहू लागल्या.

राहायचं घर होतं फेलिक्स कॅरीचं. हा आपल्या ओळखीच्या घराण्यातला. त्याचे वडील विल्यम कॅरी, ज्यांनी 1805 मध्ये सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं. घर लाकडी, मोठं, तटबंदीच्या बाहेर, आणि जवळच गुन्हेगारांना मारायची जागा. दरोडेखोरांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यांना काही काळ बिऱ्हाड तटाच्या आत हलवावं लागलं. पाव नाही, लोणी नाही, बटाटे नाहीत. भात, कोंबडीची आमटी, आणि काकडी घालून शिजवलेली कोंबडी, हे रोजचं जेवण. न्यू इंग्लंडच्या मुलीला काकडी शिजवून खावी लागली याचं मला फार हसू येतं. आपण तवसाचं धोंडस खातो, त्यामुळे आपल्याला त्यात विशेष काही नाही.

आता दिवस कसा जायचा ते. अ‍ॅननं घरी पाठवलेल्या पत्रांत त्याचं चित्र आहे. ओसरीसारखी मोठी मोकळी खोली. तिच्यात अदोनिराम मेजावर वाकलेला, मेजावर बर्मी ग्रंथ, शेजारी साठीच्या घरातले पंतोजी, कमरेला वस्त्र गुंडाळलेलं, डोक्याला रुमाल. दोघांची अखंड बडबड. पंतोजींना इंग्रजी येत नाही, याला बर्मी येत नाही. वस्तूकडे बोट दाखवायचं, नाव ऐकायचं, लिहून घ्यायचं. बर्मी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळच्या ओळ एकसंध, त्यामुळे शब्द कुठं संपतो तेही आधी शोधावं लागे. या पंतोजींनी सुरुवातीला अ‍ॅनकडे लक्षच दिलं नाही, बाईला काय शिकवायचं म्हणून. नवरा तिला बरोबरीनं वागवतो असं दिसलं तेव्हा ते वळले.

तिची सकाळ मेजावर जात नसे. गडीमाणसांना कामं सांगणं, बाजार, जेवणाची तजवीज. दहाच्या सुमाराला तिला पुस्तक उघडता येई, तेही मधून मधून उठत. घर सगळं आपल्या अंगावर घ्यायचं तिनंच ठरवलं होतं, नवऱ्याला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून. ते सोसणं होतं, ती तसं म्हणतही नाही, पण होतं. आणि वर्षभरानं तिच्या लक्षात आलं ते तिनं घरी कळवलं: भाषेचा बांधा, तिची जोडणी नवऱ्याला जास्त कळते, पण बोलणं आणि दुसऱ्याचं बोलणं समजणं यात मी त्याच्या पुढं आहे. कारण मला दिवसभर बर्मी बोलल्याशिवाय गत्यंतरच नाही.

बदलीच्या नोकरीत जन्म गेलेली घरं इथं असतील, त्यांना हे सांगायला नको. साहेब कानडीच्या खात्यांतर्गत परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेले असतात आणि बाई दारात भाजीवालीशी त्याच भाषेत चार आण्यांसाठी भांडत असतात. फरक एवढाच की परीक्षा पास झाल्याची नोंद साहेबांच्या सेवापुस्तकात होते. बर्मी बायबल आज जडसनच्या नावानं ओळखलं जातं आणि ते योग्यच आहे, त्यानं त्यासाठी वीस वर्षं घातली. पण त्या भाषांतराच्या कानात जी बोलती बर्मी आली, ती स्वयंपाकघराच्या दारातूनही आली असणार असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून पुढं करत नाही. तिनं स्वतः केलेल्या कामाची नोंद मात्र पक्की आहे. रंगूनमध्ये राहणाऱ्या सयामी लोकांसाठी ती सयामी शिकली आणि मत्तयाचं शुभवर्तमान तिनं त्या भाषेत उतरवलं.

दुसरी एक गोष्ट तिनं पहिल्याच वर्षी केली. रंगूनच्या सुभेदाराच्या बायकोला ती भेटायला गेली. अशी भेट पुरुषाला शक्य नव्हती. हौस म्हणून गेली नव्हती. उद्या काही अडलं तर दाद मागायला एक दार असावं, असा सरळ हिशेब होता. आपल्या आज्या नव्या गावात बिऱ्हाड केलं की आधी वाड्यावरच्या वहिनींकडे हळदीकुंकवाला जाऊन यायच्या, तशातलंच. पुढं हे दार उपयोगी पडलं. 1815 च्या सप्टेंबरात त्यांना मुलगा झाला, रॉजर. आठवा महिना भरायच्या आत, मे 1816 मध्ये, तापानं गेला. घरामागच्या आवारात त्याला पुरलं. त्यानंतर सुभेदाराची बायको समाचाराला आली, आणि मन रमावं म्हणून या दोघांना तिनं आपल्या लवाजम्याबरोबर हत्तीवरून गावाबाहेर नेलं. हत्तीवर बसलेलं ते जोडपं काय बोललं असेल, कुणास ठाऊक.

इथं एक खुलासा करते, नाहीतर माझ्यावर भाबडेपणाचा आरोप येईल. ही पत्रं अमेरिकेत छापली जात, वर्गणीदार ती वाचत, आणि हे लिहिणारीला माहीत होतं. त्यांत बर्मी लोकांच्या धर्माबद्दल कडवट, तुच्छतेचे शब्द आहेत. बुद्धाची उपासना करणारा शेजारी तिला अंधारात चाचपडणारा वाटतो. त्याच शेजाऱ्यांनी दिलेल्या मदतीचं वर्णन पुढच्या पानावर येतं आणि या दोहोंत तिला विसंगती दिसत नाही. मला दिसते. पण पत्रातले प्रचाराचे परिच्छेद एकसारखे असतात, काकडीचा परिच्छेद तिचा एकटीचा असतो. मी दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवते.

1817 च्या डिसेंबरात अदोनिराम चितगावला जायला निघाला. वाऱ्यानं जहाज भरकटलं ते पार आपल्या पूर्व किनाऱ्यावर येऊन लागलं. सात-आठ महिने तो परतला नाही, पत्र नाही, जहाज बुडालं की काय कळायला मार्ग नाही. रंगूनमध्ये पटकी आली. रोगाचं भूत पळवायला लोक रात्रभर ढोल आणि भांडी बडवत. इंग्रजांशी लढाई होणार अशी आवई उठली. छापखान्यासाठी आलेलं सहकाऱ्यांचं कुटुंब निघालं, अ‍ॅनही त्यांच्याबरोबर जहाजावर चढली. आणि जहाज नदीत रखडलेलं असतानाच उतरून एकटी घरी परत आली. नवरा आलाच तर घर उघडं असायला हवं. पुढं काही दिवसांनी तो खरंच आला. न आला असता तर हाच निर्णय आपण वेडेपणा म्हटला असता.

1819 मध्ये त्यांनी रस्त्यालगत झयात बांधलं. झयात म्हणजे आपली धर्मशाळा किंवा चावडी म्हणा, वाटसरूनं टेकावं, गप्पा व्हाव्यात, भिक्षूनं प्रवचन करावं अशी छपरी. परदेशी धाटणीचं प्रार्थनामंदिर बांधण्यापेक्षा ही अक्कल मोठी. रस्ता पागोड्याकडे जाणारा, त्यामुळे वर्दळ भरपूर. पुढच्या बाजूला अदोनिराम बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारी. अ‍ॅन बायकांना जमवून त्यांच्याशी बोले, बुधवारी संध्याकाळी तिच्याकडे पंधरा-वीस जणी येत. त्या वर्षी 27 जूनला मौंग नाउ नावाच्या मजुरी करणाऱ्या माणसानं बाप्तिस्मा घेतला. तो पहिला. रंगूनला येऊन सहा वर्षं होत आली होती. हल्लीच्या संस्थांत सहा महिन्यांनी प्रगती-अहवाल मागतात, तिथं यांचं काय झालं असतं!

धर्मप्रसाराला राजाची परवानगी काढायला अदोनिराम राजधानीत गेला, सोन्याचा वर्ख लावलेलं सहा खंडांचं बायबल नजर केलं. राजानं सोबतचं छापील पान थोडं वाचलं आणि खाली टाकलं. अ‍ॅनची प्रकृती ढासळली म्हणून ती कलकत्ता, इंग्लंड, अमेरिका असा फेरा करून आली, मिशनची हकीकत सांगणारं पुस्तकही तिनं तिकडं छापलं. 1823 च्या डिसेंबरात ती परत आली आणि आठवड्याभरात दोघं नावेत बसून इरावतीनं आव्याला निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास. आव्यात नदीकाठी तीन खोल्यांचं फळ्यांचं घर पंधरवड्यात उभं केलं. फळ्यांना ऊन पार भेदून जाई. तिथं तिनं तीन मुलींची शाळा काढली. दोन मुली सख्ख्या बहिणी होत्या, आईचं डोकं फिरलेलं, बापानं त्यांना हिच्या ओटीत घातलेलं. त्यांना तिनं आपल्या बहिणींची नावं ठेवली. बर्मी मुलीला न्यू इंग्लंडचं नाव. माया आणि मालकी यांतली रेघ इथं मला ओढता येत नाही.

मग इंग्रजांशी लढाई झाली. 1824 च्या मे महिन्यात रंगून पडलं. 8 जूनला जेवायच्या वेळी सरकारी माणसं घरात शिरली, बरोबर चेहऱ्यावर डाग दिलेला फाशीगार. अदोनिरामला जमिनीवर पाडून दोरीनं आवळलं. आरोप हेरगिरीचा, आणि त्याचं मूळ कुठं होतं पाहा: घरखर्चात. अमेरिकेतून येणारा पैसा कलकत्त्यामार्गे यायचा, आणि हुंड्या आव्यातल्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे वटवल्या जायच्या. त्याच्या वहीत जडसनच्या नावावर रकमा सापडल्या. इंग्रज व्यापारी पैसे देतो तर हे त्याचेच हेर, असं दरबारानं ताडलं. दरबाराला मूर्ख म्हणता येत नाही. अमेरिकन आणि इंग्रज यांतला फरक त्यांना कुणी आणि कसा समजावून सांगायचा?

तुरुंगाच्या नावाचा अर्थ ‘हात आखडू नको’. पायांत तीन बेड्या. रात्री बेड्यांतून बांबू घालून तो वर ओढत, म्हणजे फक्त खांदे जमिनीला. कैद्याला सरकार जेवण देत नसे. जेवण घरून यायचं. म्हणजे पुन्हा दळणाचा प्रश्न. अ‍ॅननं त्या दिवसापासून रोज तेच केलं: शिजवलं, पोचवलं, आत जायला लाच दिली, अधिकाऱ्यांच्या दारात बसली, नकार घेऊन परतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी तिनं घरातली पत्रं आणि रोजनिशी जाळली, कारण त्यांत गावाची, लोकांची वर्णनं होती आणि हेराच्या घरात तोच पुरावा ठरला असता. नव्या कराराच्या भाषांतराचं हस्तलिखित तिनं घराखाली पुरलं. पावसाळ्यात ते कुजेल म्हणून काढलं आणि उशीत शिवून नवऱ्याला तुरुंगात दिलं. उशी मुद्दाम इतकी टणक आणि ओबडधोबड केली की कुणाला तिचा मोह पडू नये. तरी एका पहारेकऱ्याला पडलाच. तेव्हा तिनं त्याच्यासाठी चांगली मऊ उशी शिवून नेली आणि बदल्यात जुनी मागून घेतली. तो खुश झाला असणार.

एकदा घराची आठवण यावी म्हणून तिनं म्हशीचं मांस आणि केळी यांचं सारण करून तिकडच्या पद्धतीची ‘पाय’ (pie) केली आणि मौंग इंग या त्यांच्या शिष्याच्या हाती पाठवली. नवऱ्याच्यानं ती खाववेना. त्यानं ती शेजारच्या कैद्याला दिली. बरोबर होतं ते. सारण आव्याचं असलं तरी पदार्थ घरचा होता.

26 जानेवारी 1825 ला मुलगी झाली, मारिया. वीस दिवसांची झाल्यावर अ‍ॅन तिला घेऊन तुरुंगाच्या दारात गेली. मे महिन्यात कैद्यांना एकाएकी हलवलं, दुपारच्या उन्हात, अनवाणी. अ‍ॅनला त्या वेळी अधिकाऱ्यानं घरी बोलावून गुंतवून ठेवलं होतं. शोध काढत ती नावेनं आणि बैलगाडीनं मागोमाग गेली. बरोबर तीन महिन्यांची मारिया, त्या दोन मुली, आणि एक बंगाली स्वयंपाकी. गावाचं नाव ऊंगपेनला. तिथं त्या दोन मुलींतल्या एकीला देवी आल्या. बाकीच्या मुलांना आणि गावातल्या पोरांना अ‍ॅननं देवी टोचल्या. मारियाला त्या उठल्याच. मग अ‍ॅन स्वतः आजारी पडली, इतकी की दूध आटलं. तेव्हा पहारेकऱ्याला काही देऊन अदोनिरामला संध्याकाळी बाहेर सोडायचं ठरलं. पायांत बेड्या, हातात तान्ही मुलगी, आणि हा माणूस गावातल्या अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या दारोदार फिरतो आहे. अकरा वर्षं त्यानं बर्मी व्याकरण केलं होतं. त्या संध्याकाळी त्याला लागणारं वाक्य फार छोटं होतं.

आणि तो स्वयंपाकी. त्याचं नाव कागदोपत्री सापडत नाही, पण अ‍ॅननं त्याच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. तो जातपात पाळणारा हिंदू. या परदेशी बाईसाठी त्यानं सोवळं-ओवळं गुंडाळून ठेवलं, पाणी आणलं, लाकडं आणली, स्वतःच्या पोटाआधी यांच्या पोटाकडे पाहिलं, आणि पगार मिळेल की नाही हे विचारलं नाही. या मिशनचा इतिहास लिहिताना त्याला कुठल्या रकान्यात घालायचं? तो ख्रिस्ती झाला नाही, म्हणून फळांच्या यादीत येत नाही. तो नसता तर यादी करायला कुणी उरलं असतं का, हा वेगळा मुद्दा.

उशीचं राहिलं. हलवाहलवीत पहारेकऱ्यांनी वरचा कपडा ओढून घेतला आणि आतला टणक गठ्ठा फेकून दिला. मौंग इंगनं तो उचलला. त्यात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, गुरूची आठवण म्हणून ठेवला. काही महिन्यांनी आतली पानं जशीच्या तशी निघाली.

दरबाराला तहासाठी दुभाष्या हवा झाला तेव्हा अदोनिराम सुटला. 24 फेब्रुवारी 1826 ला यांदाबोचा तह झाला. इंग्रज सेनापती कॅम्पबेलच्या छावणीत मेजवानी झाली, अ‍ॅनला त्यानं शेजारी बसवलं. समोर बर्मी अधिकारी. त्यातला एक तिला पाहून थरथरू लागला. नवऱ्यासाठी रदबदली करायला एकदा भर उन्हात ती त्याच्या घरी गेली होती, तेव्हा त्यानं तिची रेशमी छत्री काढून घेतली होती. निदान कागदाची तरी द्या, म्हटल्यावर, किडकिडीत माणसाला ऊन लागत नाही, असं उत्तर मिळालं होतं. अ‍ॅननं त्याला बर्मीत सांगितलं, घाबरू नका.

जुलैत त्यांनी अ‍ॅमहर्स्ट या नव्या इंग्रजी ठाण्यावर घर मांडलं. अदोनिराम दुभाष्या म्हणून इंग्रज वकिलाबरोबर पुन्हा आव्याला गेला. इकडे तापानं अ‍ॅन अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत ती बर्मीतच बोलत होती: गुरुजींना यायला फार वेळ लागतोय. शेवटचा उद्गारही बर्मीतच निघाला. 24 ऑक्टोबर 1826 ला ती गेली, वय छत्तीस. आव्याला काळ्या लाखेचं पत्र पोचलं तेव्हा त्याला वाटलं, मारिया गेली असेल. तशी मनाची तयारी करून त्यानं ते फोडलं.

जानेवारीत तो अ‍ॅमहर्स्टला पोचला. मारिया दुसऱ्या मिशनऱ्याच्या बायकोकडे होती. त्यानं हात पुढं केले, तर ती घाबरून तोंड फिरवून त्या बाईंना बिलगली. बापाला ती विसरली होती.